तीन हाकांवरचं वायफाय

हिंगोली जिल्ह्यात मी बोटीच्या कामाला गेले होते, असं सांगितलं की आमच्या अलिबागेत लोक आधी हसतात आणि मग हळूच माझ्या तब्येतीची चौकशी करतात. समुद्र नाही तिथे बोट कसली, असं त्यांचं म्हणणं. जायच्या आधी मीही तेच म्हणत होते. प्रवासी बोटींवर वायफाय बसवणं हा माझा बारा वर्षांचा धंदा आहे. मांडव्यापासून मुरुडपर्यंत कितीतरी बोटींच्या छपरांवर मी चढले आहे आणि दोनदा तिथून पडलेही आहे. तेव्हा बोट म्हणजे काय ते मला मराठवाड्याने शिकवू नये, असा माझा ताठा होता. तो तीन दिवसांत पुरता उतरला. कसा उतरला ते विसरण्याआधी लिहून काढावं म्हणून बसले आहे.

बोलावणं शोभाचं. शोभा आणि मी वसतिगृहात एका खोलीत राहिलो. पुढे ती लग्न होऊन कळमनुरी तालुक्यात गेली आणि इसापूर धरणाच्या पाण्याकाठी एका खेड्यात शिक्षिका झाली. मे महिन्यात एका सकाळी तिचा फोन आला.

"तू बोटीवर वायफाय लावतेस ना? आमच्या गावच्या बोटीवर आहे. पण ते बोटीच्या बाहेर येत नाही."

"बोटीवरचं वायफाय बोटीवरच असतं, शोभा."

"ते इथे कुणाला मान्य नाही," ती म्हणाली. "तू ये. एका म्हाताऱ्या बाईसाठी करायचंय आणि तिच्याकडे दिवस फार नाहीत. आल्यावर सांगते. ठेवते आता, मागे रांग आहे."

फोनला रांग कशी असते ते मला तेव्हा कळलं नाही.

गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. बोटवाले सुदामभाऊ निघताना हात जोडून म्हणाले होते, "नाव छापू नका बरं ताई, आधीच बसायला जागा न्हाई."

आखाडा बाळापूर

नांदेडला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन बाराचं होतं. आमच्याकडे माणूस घामाने निथळतो आणि दिवसभर कुरकुरतो. इथे घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो, त्यामुळे कुरकुरायला पुरावाच उरत नाही. एसटीच्या खिडकीतून डोंगरकडा गावाच्या अलीकडे केळीच्या बागा दिसल्या तेव्हा जरा घरच्यासारखं वाटलं. पुढे नुसती काळी, तडकलेली, नांगरून ठेवलेली रानं.

आखाडा बाळापूरला उतरून चहा घेतला. तो इतका गोड होता की चमचा उभा राहिला असता. बाजाराचा दिवस होता. हळदीने पिवळे झालेले हात सगळीकडे दिसत होते, नोटा मोजणारे, विड्या ओढणारे, माझी बॅग न विचारता उचलून जीपच्या टपावर टाकणारे.

"कुठं चाललात ताई?" जीपवाल्याने विचारलं.

"बोटीवर."

मला वाटलं आता हा हसणार. तो गंभीरपणे म्हणाला, "फोन करायचाय का? मग दुपारच्याला जा. सकाळी लई गर्दी राहती, उभ्यानं बोलावं लागतं."

बोटीत बसण्यासाठी बोट

गाव टेकडीच्या पोटाशी बसलेलं आहे आणि मोबाईलचा टॉवर पाण्याच्या पलीकडे. टेकडीची एक सोंड मध्ये येते, त्यामुळे गावात रेंजचा एक दांडाही दिसत नाही. पाण्यात थोडं आत गेलं की सोंड बाजूला राहते आणि फोन टणटण वाजायला लागतात. हे हेरून सुदामभाऊंच्या जावयाने सासऱ्यांच्या बोटीवर सिमकार्डाचा राऊटर बसवून दिला. पलीकडे जाताना लोकांना करमणूक, एवढाच हेतू.

"आधी लोक पलीकडं जायला बोटीत बसायचे," सुदामभाऊ मला सांगत होते. पन्नाशीचे, काटक, अंगात बनियन आणि गळ्यात शिट्टी. "आता बोटीत बसायला बोटीत बसतेत. मी म्हणलं, पलीकडं आलो, उतरा. तर म्हणतेत, परत ने."

शेवटी त्यांनी सकाळ-संध्याकाळ बोट रेंजच्या जागी, पाण्यात थोडी आत, दोराने बांधून उभीच करायला सुरुवात केली होती. फळीवर रंगाने नियम लिहिले होते. बोटीत उभे राहू नये. मोठ्या आवाजात व्हिडिओ पाहू नये. एका माणसाने एकच फोन आणावा. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, ज्यांना खरोखर पलीकडे जायचे असेल त्यांनी आधी सांगावे.

मी गेले तेव्हा बोटीत तीसेक माणसं होती. एक बाई भावाला नवं वासरू दाखवायला घेऊन आली होती, वासरूही बोटीत. दोघे हळदीचा भाव पाहत होते आणि पटेना म्हणून पुन्हा पुन्हा पाहत होते. एका गृहस्थांकडे फोनच नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "घरी लई गरम व्हतंय." आमच्या बोटींवर लोक वायफाय चालत नाही म्हणून माझ्यावर खेकसतात. इथे ते चालतं म्हणून कुणी घरी जात नव्हतं. बारा वर्षांत माझ्या कामाचं इतकं चीज मी कुठे पाहिलं नव्हतं, आणि ते काम माझं नव्हतंच.

सगळं गाव असं पाण्यावर, आणि काठावर एकटे एक म्हातारे उभे. डोक्याला पांढरा रुमाल, हातात चुन्याची बादली. शोभा म्हणाली, "ते शिवाप्पा. त्यांच्या बहिणीसाठीच तुला बोलावलं."

शिवाप्पा

आप्पा चाळीस वर्षं त्या बोटीत बसलेले नाहीत. या बोटीत नाहीत, हिच्या आधीच्या लाकडी बोटीतही नाहीत. पलीकडच्या काठाला त्यांची लेक दिली आहे. बोटीने अर्ध्या तासाचं अंतर. आप्पा दोन एसट्या आणि एक जीप बदलून, सबंध दिवस घालवून रस्त्याने जातात.

"आमच्यात जाळत न्हाईत, मातीत बसवतेत," ते मला म्हणाले. "माझी आई खाली हाय. जुनं गाव, शेत, समदं पाण्याखाली गेलं, त्याच्यात ती बी. आता बोट वरून जाती. झोपलेल्या लेकराला कुणी ओलांडत न्हाई, ताई. आईला कसं ओलांडावं?"

आमच्याकडेही झोपलेल्या माणसाला ओलांडत नाहीत. चुकून ओलांडलं तर उलटं ओलांडून परत येतात.

उन्हाळ्यात पाणी हटलं की आईची समाधी उघडी पडते. चार दगडांचा चौथरा, वर एक उभा दगड, शेजारी वाळलेल्या चिंचेचं खोड. आप्पा दर वर्षी ती धुऊन तिला चुना लावतात. या वर्षी त्यांच्या थोरल्या बहिणीचा, गंगाक्कांचा, निजामाबादेहून निरोप आला होता. पंच्याऐंशीच्या, अंथरुणाला खिळलेल्या. डॉक्टरांनी आठवडाभर म्हटलं होतं, त्यातले तीन दिवस मी पोचेपर्यंत गेले होते. त्यांना जाण्याआधी आईच्या समाधीशी दोन शब्द बोलायचे होते, फोनवर, समाधी डोळ्यांना दिसत असताना.

"फोटो काढून पाठवला तर?" मी विचारलं.

"फोटूला काय बोलावं?" आप्पा म्हणाले. "तिला आईला काहीतरी सांगायचंय. मला विचारलं तर म्हणती, तुला न्हाई, तिलाच सांगीन."

आता यातली गंमत पाहा. पावसाळ्यात पाणी गावाला भिडतं तेव्हा बोट समाधीच्या वर असते आणि पाण्याबरोबर उंच चढल्याने सोंडेच्या आडोशातून सुटते, म्हणजे रेंज भरपूर, पण समाधी पाण्याखाली. उन्हाळ्यात समाधी वर येते, तोवर पाण्याबरोबर बोट मागे हटलेली असते आणि रेंजही. मध्ये गुडघाभर गाळ. बोट पुढे येत नाही. राऊटर काढून समाधीपाशी न्यावा तर टेकडीची सोंड आडवी. तोही प्रयोग मी करून पाहिला, एक दांडा आला आणि लाजून गेला.

"वायफाय किती लांब येतं?" मी विचारलं.

"एका हाकंवर," सुदामभाऊ म्हणाले. "समाधी तीन हाकांवर हाय."

मी मीटरमध्ये मोजायची फीत आणली होती. ती गाळात बुडाली. मग मीही हाकांवर आले.

दुसरा दिवस: चरवी

माझ्या बॅगेत दोन रिपीटर होते. सुदामभाऊंना मी समजावलं की हा डबा म्हणजे मधला माणूस. एकाचं ऐकायचं आणि पुढच्याला तेच ओरडून सांगायचं.

"म्हणजे आमची कौशल्या," ते म्हणाले. कौशल्याबाई, त्यांच्या मंडळी, तिथेच भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता एक भाकरी जास्त जोरात थापली.

पहिल्या हाकेवर रिपीटर ठेवायचा तर खाली पाणीच होतं. मासे धरणारे तिथे थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावतात. त्यातल्या एका तराफ्यावर मी रिपीटर बांधला आणि वर बसलेल्या गृहस्थांना हलू नका म्हणून सांगितलं. ते हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा फुल रेंजमध्ये बसल्यामुळे ते कुस्तीचे व्हिडिओ पाहत राहिले, आणि वाऱ्याने तराफा, गृहस्थ, कुस्ती आणि माझा रिपीटर असं सगळं पलीकडच्या काठाकडे निघून गेलं. सुदामभाऊंनी शिट्ट्या मारल्या. शेवटी बोट घेऊन त्यांना आणावं लागलं, आणि बोट वळवताना राऊटरची वायर निसटून बोटीतल्या तीस जणांचे चालू फोन तुटले. त्यांनी मला काय काय म्हटलं ते मी शोभाला मुद्दाम विचारलं नाही.

दुपारी सुदामभाऊंकडे जेवायला बसले. ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि धरणातल्या रोहूचं लाल कालवण. मी कोकणातली. गोड्या पाण्यातला मासा आम्ही खात नाही, त्याला चव नसते, असं मी स्वच्छ सांगितलं. कौशल्याबाईंनी ऐकलं आणि एक तुकडा वाढला. चवथा तुकडा मी स्वतःहून मागून घेतला. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, नुसत्या हसल्या. ते जास्त लागलं.

चारनंतर आम्ही दोन बांबू रोवले, एक उथळ पाण्यात, एक गाळात. प्रत्येकाच्या टोकाला एकेक रिपीटर आणि बॅटरी. गाळात माझी चप्पल गेली, मग दुसरीही मीच टाकून दिली. आप्पा समाधीपाशी शोभाचा फोन धरून उभे. मी पळत जाऊन पाहिलं. दोन दांडे! आप्पांनी फोन कपाळाला लावला. निजामाबादला निरोप गेला की उद्या सकाळी दहाला बोलू. हात-पाय धुवायला मी गावात गेले. परत येऊन शेवटचं एकदा पाहिलं तर रेंज शून्य.

पुढचा दीड तास मी आयुष्यातून वजा करायला तयार आहे. बोटीवरचा राऊटर उघडून लावला. वायरी तपासल्या. पासवर्ड बदलला, मग तो बोटीतल्या सगळ्यांना पुन्हा सांगत बसले. रडकुंडीला आले तेव्हा कुठे मान वर करून बांबूकडे नीट पाहिलं. दोन्ही बांबूंच्या टोकांना, रिपीटरवर पालथ्या घातलेल्या, लखलखीत घासलेल्या पितळेच्या चरव्या होत्या. चरव्यांच्या गळ्यात खण आणि हळदीकुंकवाची बोटं.

"हे कुणी केलं?"

"म्या," कौशल्याबाई म्हणाल्या. "काठी उभी केली, वर काई बांधलं, अन् वर पालथा तांब्या न्हाई? उघडी काठी बरी दिसती का? तांब्या पुरना झाला म्हणून चरव्या आणल्या. एक माझी, एक जावंची."

मी त्यांना सांगितलं की पितळेतून वायफाय बाहेर येत नाही. त्या म्हणाल्या, "गुढीला तर कधी तकलीफ झाली न्हाई."

चरव्या उतरवल्या, खण आणि हळदीकुंकू राहू दिलं. रेंज दोन दांडे. मी इतकी दमले होते की त्या खणाला मीही हात जोडले.

तिसरा दिवस: बसा खाली

सकाळी नऊला समाधीपाशी मी, शोभा आणि आप्पा. आप्पांनी रात्रीतून इस्त्री केल्यासारखं कडक धोतर नेसलं होतं. साडेनऊला दहा माणसं आली. पावणेदहाला सगळं गाव आलं आणि टेकडीपलीकडच्या तांड्यावरचीही मंडळी आली, त्यांच्यात तिथले म्हातारे रामजी नाईक. बोटीत कुणी उरलं नव्हतं, नुसते सुदामभाऊ. गंगाक्का कशा दिसतात ते सगळ्यांना पाहायचं होतं.

मी फोन पाहिला. रेंज गेली होती. चरव्या नव्हत्या, वायरी जागेवर होत्या. मग लक्षात आलं. माणूस म्हणजे पाण्याची पिशवी, आणि पाणी वायफाय पिऊन टाकतं. बांबू आणि समाधी यांच्यामध्ये दोनशे पिशव्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

"बाजूला व्हा!" मी ओरडले. ते बाजूला झाले, म्हणजे डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे.

शोभा शाळेतल्या आवाजात म्हणाली, "सगळे खाली बसा!"

गाव बसलं. वाळलेल्या गाळात, पंगतीला बसावं तसं, मांडी घालून. फोनवर दोन दांडे आले, तीन आले. नंबर लागला. पडद्यावर उशीवर टेकलेला एक चेहरा उमटला, लहानसा, सुरकुतलेला, डोळे मात्र टक्क उघडे. फोन त्यांच्या सुनेने धरला होता.

"शिवा," गंगाक्का म्हणाल्या.

"व्हय अक्का."

एवढंच झालं. पाठीमागचे उठून उभे राहिले, त्यांना दिसेना म्हणून. चेहरा जागच्या जागी थिजला.

"बसा!" आम्ही दोघी. बसले. चेहरा हलला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा रामजी नाईकांनी आपली काठी आडवी धरून मागच्यांना दाबून बसवलं.

आप्पांनी फोन समाधीकडे वळवला. पांढऱ्या चुन्यावर ऊन पडलं होतं. गंगाक्कांनी सुनेला फोन जवळ धरायला लावला.

"हे काय हाय?" त्या म्हणाल्या.

"आई, अक्का. आईची समाधी."

"मोठी चिंच कुठाय?"

"ही काय, हिचं खोड हाय हितं."

"ही गावाकडची चिंच, शिवा. धाकली. आईला नदीच्या अंगाला ठिवलं. मोठ्या चिंचंखाली. म्या व्हते तिथं. तू कुठं व्हता?"

आप्पा हैदराबादेत कामाला होते. तार मिळून पोचेपर्यंत चार दिवस गेले. चुलत्याने दिवेलागणीच्या वेळी लांबूनच हात करून दाखवलं होतं, त्या चिंचेखाली म्हणून. आप्पा त्याच रात्री परत गेले. पुन्हा आले तेव्हा गाव पाण्यात होतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी ते एवढंच म्हणाले, "न्हाई अक्का. चाळीस साल झाले, म्या चुना लावून राहिलो."

"कुणाला लावून राहिला कुणास ठाव," गंगाक्का म्हणाल्या. "आई न्हवं ती."

सगळं गाव ताडकन उभं राहिलं. अक्का थिजल्या. "बसा!" गाव बसलं.

"मग ही कोणाची?" कौशल्याबाईंनी विचारलं. सगळ्यांच्या मनात तेच होतं.

रामजी नाईक खाकरले. "आमच्या बैलाची," ते म्हणाले. "माझ्या आज्याच्या आज्याचा. तांडा मीठ वाहायचा तवा समद्यात म्होरं चालायचा तो बैल. हितं बसला तो उठला न्हाई. हितंच मातीत घातला."

"तुमाला ठाव व्हतं? मग बोलले काहून न्हाई?"

"काय बोलावं बाई? एक माणूस दरसाली येतो, धुतो, चुना लावतो, हात जोडतो. आमच्या बैलाचं चांगलंच व्हऊन राहिलं व्हतं."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग दुसरं. मलाही हसू आवरेना आणि मला माझीच लाज वाटली, कारण आप्पा फोन हातात धरून तसेच उभे होते. चाळीस वर्षं लेकीकडे जायला दिवस दिवस एसटीत घालवलेला माणूस. मला वाटलं आता हे बसकण मारतील, किंवा नाईकांच्या अंगावर जातील.

ते समाधीला म्हणाले, "चाळीस साल आई म्हणून डोकं टेकवलं. आता एकदम बैल म्हणायला जीभ उचलत न्हाई." मग नाईकांकडे वळून, "फुडच्या साली बी चुना लावीन. बराबर हाय का?"

नाईकांनी दोन्ही हात जोडले.

"शिवा," फोनमधून आवाज आला, बारीक. "मला तिथं ने. मोठ्या चिंचंपाशी. दम न्हाई राहिला."

"मोठी चिंच तर पाण्यात असंल अक्का. कुठं शोधू?"

तेवढ्यात पाण्यावरून हाक आली. पाण्याच्या बाजूला बसलेल्यांनी एकेक वाक्य ओरडून सुदामभाऊंपर्यंत पोचवलं होतं. ते बोटीत उभे राहून दोन्ही हात हलवत होते. "आप्पा! मोठी चिंच हितं हाय! माझ्या बोटीखाली! तिच्या खोडाच्या दोरालाच तर म्या रोज बोट अडकवतो!"

आता कुणीही हसलं नाही. गाव बसलेलंच राहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. तीन दिवस मी जिथून रेंज ओढून आणत होते, खण बांधलेल्या बांबूंवरून, गाळातून, ती जागा तीच होती. लांब न्यायचं काहीच नव्हतं. मला रडू फुटलं आणि त्याचा मनस्वी रागही आला.

आप्पांनी वहाणा काढल्या, समाधीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या आणि ते गाळात उतरले. मी मागोमाग. जसजसे ते पुढे जात होते तसतसा फोनमधला गंगाक्कांचा चेहरा स्वच्छ होत गेला. पहिल्या बांबूपाशी सुरकुत्या दिसल्या, दुसऱ्यापाशी नाकातली मोरणी. सुदामभाऊंनी लोकांना चढायला उथळ पाण्यावरून बोटीपर्यंत फळ्या टाकल्या होत्या. फळीपाशी आप्पा थबकले.

"बोट बाजूला घेऊ का आप्पा?" सुदामभाऊंनी विचारलं. आवाज अगदी पडला होता. "मला ठाव नव्हतं. देवाशपथ."

"नको. बाजूला घेतली तर अक्का जाईल." त्यांनी फळीवर पाय ठेवला. "ओलांडायला न्हाई चाललो. तिच्यापाशीच चाललो."

ते बोटीत बसले. बसताना दोन्ही हातांनी काठ धरला, कारण बोट हलते हे त्यांना माहीतच नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "सुदाम, रोज किती लोक बसतेत हितं?"

"पन्नास-साठ."

"काय बोलतेत?"

"काय बोलणार? लेकीला जेवली का म्हणतेत. कुणी भावाशी भांडतेत. पावसापाण्याचं."

आप्पांनी मान हलवली. "मग तिला एकटं वाटलं नसंल," ते म्हणाले.

त्यांनी फोन बोटीच्या काठावरून खाली धरला, पडदा पाण्याकडे करून. पाणी हिरवं आणि निवळ होतं. दोर सरळ खाली जात होता, आणि जिथे दिसेनासा होत होता तिथे काहीतरी काळं, जाड होतं. सुदामभाऊंनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली. काठावरचं सगळं गाव बसलेलं होतं.

"आई," गंगाक्का म्हणाल्या. आवाज इतका स्वच्छ येत होता की त्या बोटीतच बसल्या आहेत असं वाटावं. "म्या गंगू. जाताना तू सारखी इचारत व्हती, शिवा आला का, शिवा आला का. म्या म्हणलं, वाटंत हाय. खोटं बोलले म्या. तवा तार बी पोचली नव्हती त्याला." त्यांनी दम घेतला. "आता खरं सांगते. आला बघ तो. हितं बसलाय."

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि वाकून दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले.